नवगावचे दोन उंचवटे

रायगड जिल्ह्यात अलिबागच्या उत्तरेला, थळ आणि किहीम यांच्या मध्ये, नवगाव हे समुद्रकाठचे गाव आहे. या गावाजवळ बेने इस्राएल समाजाची दफनभूमी आहे. बेने इस्राएल म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कोकणात राहिलेले, घरात मराठी बोलणारे यहुदी. समाजाच्या परंपरेप्रमाणे त्यांच्या पूर्वजांचे जहाज नवगावसमोरच्या समुद्रात फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या जिवंत किनाऱ्याला लागल्या. लाटांबरोबर आलेली बाकीच्यांची प्रेते त्यांनी नवगावला पुरली. पुरुषांना एका ठिकाणी आणि स्त्रियांना दुसऱ्या ठिकाणी मूठमाती दिली. दफनभूमीतले मातीचे दोन उंचवटे त्या सामुदायिक कबरी मानल्या जातात. वाचलेल्या चौदा जणांनी पुढे याच मुलखात घरे केली. वस्तीच्या आधी स्मशान झाले, आणि त्या स्मशानाच्या आधाराने वस्ती झाली, असे हे ठिकाण आहे.

या उंचवट्यांवर जुना शिलालेख नाही. समाजाजवळ त्या काळची पोथी, सनद किंवा ताम्रपटही नाही. तरीही बेने इस्राएलांचा इतिहास लिहिणाऱ्या प्रत्येकाला नवगावपासूनच सुरुवात करावी लागते. लिखित पुरावा न ठेवलेल्या समाजाची दफनभूमी हाच त्याचा दप्तरखाना असतो. नवगावचे महत्त्व त्यात आहे.

अंबरनाथपासून नवगावपर्यंत

अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापूर या उल्हास खोऱ्यातल्या गावांकडून नवगावला निघाले, म्हणजे वस्तीची साक्ष किती वेगवेगळ्या तऱ्हांनी मागे राहते हे वाटेतच दिसते. अंबरनाथच्या शिवमंदिरात शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा शिलालेख आहे. उत्तर कोकणचा शिलाहार राजा मुम्मुणी याचे नाव त्यात आहे. हे देऊळ कोणाच्या राजवटीत आणि केव्हा उभे राहिले हे दगडच सांगतो. शेजारचे उल्हासनगर अगदी अलीकडचे. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या बराकींमध्ये फाळणीनंतर सिंधहून आलेल्या निर्वासितांना आसरा मिळाला. ही छावणी कल्याण कॅम्प म्हणून ओळखली जाई. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिचे उल्हासनगर झाले. कराचीहून बोटीने मुंबईला उतरलेल्या हजारो माणसांची नोंद सरकारी कागदांत आहे, बराकींचे नंबर आहेत, निर्वासितांचे दाखले आहेत. समुद्रमार्गे सर्वस्व गमावून आलेल्या आणि कोकणच्या भूमीवर नव्याने संसार मांडलेल्या लोकांची ही एक नोंदवलेली कहाणी. नवगावची कहाणी तशीच आहे, पण तिच्यामागे ना राजाचा लेख आहे, ना सरकारी कागद.

बदलापूर आणि अंबरनाथवरून जाणारा लोहमार्ग पुढे खोपोलीपर्यंत १८५६ साली सुरू झाला. या आणि इतर रेल्वेमार्गांवर, तसेच टपाल, लष्कर, पोलीस आणि सर्वेक्षण खात्यांत एकोणिसाव्या शतकात बेने इस्राएल माणसे मोठ्या संख्येने नोकरीला लागली. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यातली खेडी सोडून ती मुंबई, ठाणे, पुणे अशा गावी पांगली. ठाण्याचे शाआर हशामाइम हे सिनेगॉग, म्हणजे यहुदी प्रार्थनालय, १८७९ चे आहे. म्हणजे आज अंबरनाथहून नवगावकडे जाणारा माणूस त्या स्थलांतराची वाट उलटी चालत असतो.

काटई रस्त्याने तळोजा आणि तळोज्याहून पनवेल गाठले की मुंबई–गोवा महामार्ग लागतो. कर्नाळ्याचा सुळका डाव्या हाताला ठेवून रस्ता पेणला उतरतो, वडखळला अलिबागचा फाटा फुटतो, धरमतरची खाडी ओलांडून पोयनाड येते आणि कार्लेखिंड उतरली की अलिबागची माडा-पोफळीची आगरे सुरू होतात. या वाटेवरच्या आणि तिच्या आजूबाजूच्या गावांची नावे हा बेने इस्राएलांच्या इतिहासाचा सर्वांत बोलका भाग आहे. आपट्याचे ते आपटेकर, पेणचे पेणकर, वाक्रूळचे वाक्रूळकर, पेझारीचे पेझारकर, किहीमचे किहीमकर, नवगावचे नवगावकर, चौलचे चौलकर, रोह्याचे रोहेकर, अष्टमीचे अष्टमकर, दिव्याचे दिवेकर. कोकणी गावकऱ्याप्रमाणेच या समाजानेही गावाच्या नावापुढे ‘कर’ लावले. अशी शंभराहून अधिक आडनावे समाजात आहेत आणि त्यांतली बहुतेक जुन्या कुलाबा जिल्ह्यातल्या खेड्यांवरून आलेली आहेत. ही आडनावे नकाशावर मांडली तर नवगावच्या किनाऱ्यापासून खाड्यांच्या काठाकाठाने आत सरकत गेलेली वस्ती डोळ्यांसमोर येते. एका खेड्यात दोन-चार घरे, फार तर एक आळी, असे या वस्तीचे स्वरूप होते. मोठी वसाहत त्यांनी कुठेच केली नाही.

अलिबागजवळ खंडाळे गावी एक खडक आहे. बेने इस्राएल त्याला एलियाहू हन्नबीचा टप्पा म्हणतात. एलिया हा संदेष्टा अग्निरथातून स्वर्गात गेला अशी बायबलमधली कथा आहे. जाताना त्याचा रथ या खडकाला टेकला आणि घोड्याच्या टापांची व चाकाची खूण दगडावर उमटली, अशी कोकणातल्या इस्राएलांची श्रद्धा. नवस फेडायला आणि शुभकार्याच्या आधी येथे मलिदा केला जातो. भिजवलेले गोड पोहे, त्यात ओले खोबरे, वेलची आणि सुका मेवा, वर फळे आणि फुले मांडलेले ताट, आणि त्यासमोर एलियाहू हन्नबीची हिब्रू स्तुती. जगातल्या इतर यहुद्यांत हा विधी या स्वरूपात आढळत नाही. नवगावला समाजाचे मृत आहेत आणि खंडाळ्याला समाजाचा राखणदार आहे. कोकणच्या जमिनीवरचे हे त्यांचे दोन खुंट काही मैलांच्या अंतरात आहेत.

दफनभूमी

अलिबागहून थळमार्गे किनाऱ्याच्या रस्त्याने नवगावला जाता येते. समोर समुद्रात खांदेरी आणि उंदेरी ही बेटे दिसतात. १६७९ साली शिवाजी महाराजांनी खांदेरीवर किल्ला बांधायला घेतला आणि पाठोपाठ जंजिऱ्याच्या सिद्दीने उंदेरी बळकावले, त्यामुळे मराठी वाचकाला ही बेटे आरमारी लढायांसाठी ठाऊक असतात. बेने इस्राएलांच्या परंपरेत त्यांचे स्थान वेगळे आहे. पूर्वजांचे जहाज याच बेटांच्या आसपास फुटले असे ते सांगतात. या भागात पाण्याखाली खडक आहेत. चौलच्या बंदराकडे येणारे गलबत पावसाळी वाऱ्यात किनाऱ्याकडे ढकलले गेले तर त्याची गत काय होईल हे कोळ्यांना सांगावे लागत नाही. कथेची जागा निदान अशक्य नाही.

दफनभूमीत गेल्यावर पहिल्यांदा नजरेत भरतो तो बुडालेल्यांच्या स्मरणार्थ अलीकडच्या काळात उभारलेला स्तंभ. उंचवटे आणि साध्या कबरी ही मात्र तिथली जुनी ठेव. कोकणातल्या जुन्या बेने इस्राएल कबरी बांधीव नसत. प्रेताला स्नान घालून, पांढऱ्या कफनात गुंडाळून मातीत पुरायचे, वर माती ओढायची आणि फार तर दगड रचायचे, एवढेच केले जाई. दरसालच्या पावसाने अशी माती बसत जाते आणि गवत वाढले की कबर कुठे संपते आणि जमीन कुठे सुरू होते हे ओळखणे अवघड होते.

तरीही या जमिनीतून एक महत्त्वाची गोष्ट वाचता येते. कबरींची दिशा. इंग्रजी अमदानीतल्या मुंबई गॅझेटियरने नोंदवले आहे की नवगावच्या दफनभूमीत दोन तऱ्हेच्या कबरी आहेत. जुन्या कबरी दक्षिणोत्तर आहेत आणि नंतरच्या पूर्वपश्चिम. मुसलमानांत प्रेताचे तोंड मक्केकडे व्हावे म्हणून कबर दक्षिणोत्तर खणतात. धर्माचे शिक्षण मागे पडलेल्या काळात इस्राएलांनी शेजारच्या मुसलमानांची रीत उचलली असावी आणि पुढे धर्माचे ज्ञान परत मिळाल्यावर ती बदलली असावी, असा गॅझेटियरचा तर्क आहे. हा तर्क मान्य केला तर नवगावची जमीन दोन युगे दाखवते. एक, जेव्हा हा समाज बाहेरच्या यहुदी जगापासून तुटला होता. दुसरे, जेव्हा त्या जगाशी त्याचा धागा पुन्हा जुळला. कबरींवर साल नसले तरी आधीचे कोणते आणि नंतरचे कोणते एवढे त्यांच्या दिशेवरून कळते. इतिहासकाराला अशा ठिकाणी एवढा आधारही मोलाचा असतो.

परंपरा आणि तारखा

जहाज केव्हा फुटले? समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी १८९७ मध्ये पूर्ण केलेल्या इंग्रजी ग्रंथात इ.स. पूर्व १७५ च्या सुमाराचा काळ दिला. त्या साली अँटायोकस एपिफानीस हा ग्रीक राजा गादीवर आला आणि पुढे त्याने पॅलेस्टाइनमधल्या यहुद्यांचा छळ केला. त्या छळातून पळालेली माणसे लाल समुद्रातून हिंदुस्थानकडे निघाली असावीत, असे किहीमकरांचे म्हणणे. त्यांचा एक आधार सणांचा होता. अँटायोकसविरुद्धच्या विजयानंतर यहुद्यांत हनुक्का हा सण सुरू झाला आणि बेने इस्राएलांच्या जुन्या सणांत तो नव्हता. तेव्हा हे लोक त्या विजयाच्या आधीच निघाले असले पाहिजेत, असे त्यांनी मांडले. हा युक्तिवाद निर्णायक नाही. शेकडो वर्षे ग्रंथाविना जगलेल्या समाजाला एखादा सण विसरताही येतो. इतर अभ्यासकांनी येमेन किंवा इराणमधून, इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकात किंवा त्यानंतर हे लोक आले असावेत, असे सुचवले आहे. किहीमकरांचा ग्रंथ त्यांच्या हयातीत छापला गेला नाही. ते वारल्यावर, १९३७ मध्ये, तो तेल अवीवला प्रसिद्ध झाला. मतभेद असले तरी परंपरा, विधी आणि आडनावे यांची एवढी भरघोस नोंद त्याआधी कोणी केली नव्हती. आजचा प्रत्येक अभ्यासक त्यांचा ऋणी आहे.

चौदा जणांच्या कथेला कोकणात एक जोड आहे. चित्पावनांच्या उत्पत्तीची कथाही अशीच आहे. समुद्रातून वाहून आलेली चौदा प्रेते परशुरामाने चितेवर शुद्ध करून जिवंत केली, असे ती सांगते. दोन्ही कथांत समुद्राने आणलेली माणसे आहेत, चौदाचा आकडा आहे, परक्या किनाऱ्यावर नव्याने सुरू झालेले कुळ आहे. यावरून दोन्ही समाज एकच होते असे अनुमान काढणाऱ्यांना पुराव्याचा आधार नाही. एवढे मात्र म्हणता येते की समुद्राने आणून टाकलेल्या माणसांना सामावून घेण्याची ही कथारीत कोकणच्या किनाऱ्यावर रुजलेली होती आणि बेने इस्राएलांनी आपला उगम सांगताना त्याच मातीतला साचा वापरला असणे शक्य आहे.

बाहेरचे पुरावे नवगावच्या आसपास येऊन थांबतात. नवगावच्या दक्षिणेला असलेले चौल हे पश्चिम किनाऱ्यावरचे फार जुने बंदर. ग्रीक प्रवासवर्णनात ते सेमिल्ला आहे, शिलाहारांच्या लेखांत चेमुल्य, अरबांच्या ग्रंथांत सैमूर. इ.स. ९१५-१६ च्या सुमारास अरब प्रवासी अल्-मसूदी येथे आला तेव्हा शिलाहार राजा झंझ गादीवर होता आणि बंदरात बगदाद, बसरा, ओमान, सिराफ येथून आलेले सुमारे दहा हजार मुसलमान राहत होते. दहाव्या शतकातला प्रवासी मिसार बिन मुहलहिल याच्या आधारे तेराव्या शतकातल्या कझवीनीने सैमूरचे वर्णन दिले आहे. त्यात मशिदी, ख्रिस्ती चर्च, अग्यारी आणि यहुद्यांची प्रार्थनास्थळे असल्याचे म्हटले आहे. म्हणजे अंबरनाथचे देऊळ बांधणाऱ्या राजघराण्याच्याच राज्यात, चौलच्या बंदरात यहुदी माणसे होती. ती व्यापारानिमित्त आलेली होती की खेड्यांत घाणे चालवणारी, हे त्या वर्णनातून ठरत नाही.

इ.स. १२०० च्या सुमारास इजिप्तमधला थोर यहुदी तत्त्ववेत्ता मायमोनिडीस याने फ्रान्समधल्या पंडितांना लिहिलेल्या पत्रात हिंदुस्थानातल्या यहुद्यांचा उल्लेख केला. त्यांना लिखित धर्मशास्त्र ठाऊक नाही, शनिवारचा विसावा आणि मुलांची सुंता एवढेच ते पाळतात, अशा आशयाची ती ओळ आहे. बेने इस्राएलांच्या पुढच्या काळातल्या स्थितीशी हे वर्णन बरेचसे जुळते. ‘बेने इस्राएल’ हे नाव घेऊन त्यांची नोंद करणारा पहिला युरोपीय म्हणजे मिशनरी सार्टोरियस. त्याचे पत्र १७३८ चे आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातही या समाजात पश्चिम आशियातल्या यहुद्यांचा आणि भारतीयांचा असा दुहेरी वारसा स्पष्ट आढळला. दोन्ही वंशांची सरमिसळ सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी झाली असावी असा त्या अभ्यासाचा अंदाज आहे. दोन हजार वर्षांच्या परंपरेला याने दुजोरा मिळत नाही आणि ती खोटीही ठरत नाही. समाज दूरवरून आला आणि इथल्या लोकांत मिसळला, एवढे मात्र निश्चित झाले.

शनिवार तेली

चौदा माणसांच्या वंशजांनी कोकणात तेल गाळण्याचा धंदा धरला. तीळ, खोबरे अशा तेलबिया लाकडी घाण्यात घालून बैलाकडून घाणा फिरवायचा आणि तेल विकायचे. शनिवारी मात्र घाणा बंद. म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली हे नाव दिले. सोमवारी शंकराच्या नंदीला विसावा म्हणून घाणा न जुंपणारे हिंदू तेली ते सोमवार तेली. गावगाड्याने या परक्या धर्माच्या लोकांना त्यांच्या कामावरून आणि सुट्टीच्या वारावरून ओळखले आणि बलुत्या-अलुत्यांच्या रांगेत जागा दिली. या रांगेचे फायदे त्यांना मिळाले तसे तिचे दोषही चिकटले. समाजात गोरे आणि काळे असा भेद पडला आणि दोघांत रोटीबेटी व्यवहार बंद झाला. विधवाविवाहावरही बंदी आली.

धर्मग्रंथ हरवला तरी कालगणना टिकली. सणांना मराठी नावे मिळाली. नवियाचा सण, खिरीचा सण, दारफळणीचा सण, अनशी ढाकायचा सण, बिरड्याचा रोजा. बिरड्याच्या रोजात उपास सोडताना कडव्या वालांचे बिरडे खात. दारफळणीला दारे लावून दिवसभर उपास होई, हाच इतर यहुद्यांचा योम किप्पूर. त्याच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण. दारफळणीच्या आदल्या दिवशी पितर घरी येतात आणि शिळ्या सणाला परत जातात अशी जुनी समजूत होती. महाळाच्या पंधरवड्यात पितरांना पान वाढणाऱ्या शेजाऱ्यांच्या मुलखात ही समजूत रुजली यात नवल नाही. याशिवाय हिब्रूतले एकच वचन सर्वांच्या तोंडी होते. ‘शमा इस्राएल’ हे ईश्वराच्या एकत्वाचे वचन ते जन्माला म्हणत, लग्नात म्हणत आणि प्रेत पुरतानाही म्हणत. पुस्तक नसलेल्या काळात नवगावच्या कबरींवर म्हटला गेलेला मंत्र हाच.

या समाजाचा पुन्हा यहुदी जगाशी संबंध जोडणारा पुरुष म्हणून डेव्हिड राहाबी याचे नाव घेतात. हे लोक खरेच यहुदी आहेत का हे पाहण्यासाठी त्याने बायकांना शिजवायला मिसळलेली मासळी दिली. त्यांनी खवले आणि पर असलेले मासे वेगळे काढले आणि बाकीचे बाजूला ठेवले. धर्मशास्त्राची हीच आज्ञा. मासळी निवडणाऱ्या कोकणी बायकांच्या हातांनी अशी साक्ष दिली, हे कथेचे मर्म. राहाबीने झिराडकर, शापूरकर आणि राजपूरकर या तीन घराण्यांतल्या माणसांना धर्मविधी शिकवले. त्यांना काजी म्हणत आणि विधी चालवण्याचा मान त्यांच्या वंशात राहिला. राहाबीचा काळ वादग्रस्त आहे. किहीमकर त्याला अकराव्या शतकाच्या आसपास ठेवतात. इतर अभ्यासक त्याला कोचीनचा डेव्हिड एझेकिएल राहाबी मानतात. तो अठराव्या शतकात होऊन गेला आणि डच कंपनीचा व्यापारी हस्तक होता. नवगावच्या कबरींची दिशा बदलली तो काळही याच प्रश्नाशी बांधलेला आहे.

अक्षरांच्या कबरी

अठराव्या शतकाच्या मध्यापासून कोकणातली घरे मुंबईकडे निघाली. १७४६ मध्ये दिवेकर घराण्यातली माणसे मुंबईला आल्याची नोंद आहे. त्याच घराण्यातले सॅम्युएल एझेकिएल दिवेकर, घरच्या नावाने सामाजी हसाजी, हे इंग्रज कंपनीच्या फौजेत होते. दुसऱ्या म्हैसूर युद्धात ते टिपूच्या कैदेत पडले. तिथून सुटल्यावर त्यांनी १७९६ साली मुंबईत मांडवी भागात बेने इस्राएलांचे पहिले सिनेगॉग बांधले. शाआर हाराहामीम, म्हणजे दयेचे द्वार. सॅम्युएल स्ट्रीट या रस्त्याला त्यांचे नाव आहे. नंतर कोकणातही प्रार्थनालये झाली. रेवदंड्याचे बेथ एल १८४२ चे, अलिबागच्या इस्राएल आळीतले मागेन अबोथ १८४८ चे आणि १९१० मध्ये नव्याने बांधलेले, पनवेलचे १८४९ चे, पेणचे १८६३ चे. त्याच काळात कोचीनहून शिक्षक आले आणि मिशनऱ्यांच्या शाळांत हिब्रू शिकवले जाऊ लागले. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापले. पासोव्हर या यहुदी सणाच्या रात्री वाचायची हग्गादा १८४६ मध्ये मराठी भाषांतरासह शिळाप्रेसवर छापून निघाली. १८८० च्या सुमारास बायबलमधल्या कथांवर टाळ-मृदंगाच्या साथीने मराठी कीर्तने सुरू झाली.

ही अक्षरओळख दफनभूमीतही उतरली. या काळापासूनच्या बेने इस्राएल कबरींवर दगड आहेत आणि दगडांवर दोन लिप्या आहेत. वर हिब्रू, खाली मराठी, आणि पुढे पुढे इंग्रजी. यहुदी कबरीचा दगड वाचायची रीत साधी आहे. माथ्यावर बहुधा पे आणि नून ही दोन हिब्रू अक्षरे असतात. ‘येथे पुरले आहे’ या शब्दांची ती आद्याक्षरे. शेवटी पाच अक्षरे असतात. मृताचा आत्मा जीवनाच्या गाठोड्यात बांधला जावो, या प्रार्थनेची ती आद्याक्षरे. हिब्रू वर्ष अक्षरांत लिहिलेले असते. त्या आकड्यातून ३७६० वजा केले की साधारणपणे इसवी सन मिळते, कारण यहुदी वर्ष शरद ऋतूत सुरू होते. मराठी भागात माणसाचे नाव, बापाचे नाव आणि गावाच्या नावाचे आडनाव असते. एका दगडात जेरुसलेमची कालगणना आणि अलिबाग तालुक्यातले खेडे असे शेजारी शेजारी बसतात. नवगावचे अबोल उंचवटे आणि हे बोलके दगड ही एकाच इतिहासाची दोन टोके आहेत. पहिल्यात नाव, गाव, वर्ष काहीच नाही. दुसऱ्यात तिन्ही आहेत. या दोहोंच्या मधल्या कित्येक शतकांसाठी कबरींची दिशा आणि गावांची आडनावे एवढीच साधने उरतात.

शिक्षण मिळताच समाजाने थोड्या काळात मोठी झेप घेतली. शालोम बापूजी इस्राएल वरघरकर हे जंजिरा संस्थानचे कारभारी झाले, याकोब बापूजी इस्राएल औंधला कारभारी होते. डॉ. एलिजा मोझेस १९३७-३८ मध्ये मुंबईचे महापौर होते. वरळीचा डॉ. ई. मोझेस रोड त्यांच्याच नावाचा. किहीमकरांनी १८७५ मध्ये काढलेली शाळा पुढे माझगावचे सर एली कदूरी विद्यालय झाली.

रिकामी झालेली गावे

१९४८ साली इस्राएल राष्ट्राची स्थापना झाली आणि पुढच्या तीन-चार दशकांत कोकणातली बहुतेक इस्राएल घरे तिकडे गेली. छळामुळे त्यांना इथून निघावे लागले नाही. हिंदुस्थानात यहुदी म्हणून आपल्याला त्रास झाला नाही, हे समाजाची माणसे आवर्जून सांगतात. उलट इस्राएलमध्ये गेल्यावर त्यांच्या यहुदीपणाबद्दल तिथल्या धर्मपीठाने शंका घेतली. त्याविरुद्ध त्यांना आंदोलन करावे लागले आणि १९६४ मध्ये त्यांना पूर्ण यहुदी म्हणून मान्यता मिळाली. ज्या समाजाने पुस्तकाशिवाय शेकडो वर्षे शनिवार पाळला, त्याला आपला धर्म सिद्ध करावा लागावा हे वेदनादायक होते. त्या वादात त्यांच्याजवळ कागद नव्हते. होती ती कोकणची परंपरा, सुंता, शनिवार, ‘शमा इस्राएल’ आणि नवगावची जमीन.

विसाव्या शतकाच्या मध्यावर भारतात सुमारे वीस हजार बेने इस्राएल होते. आज सर्व यहुदी मिळून काही हजार उरले आहेत आणि त्यांतले बरेच मुंबई-ठाण्यात राहतात. अलिबाग, रेवदंडा, पेण या गावी मोजकीच घरे आहेत. इस्राएलमध्ये गेलेल्यांची वस्ती लोद, रामला, अश्दोद, बीरशेबा, दिमोना अशा शहरांत आहे. तिथे त्यांनी मराठी टिकवली, ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालवले. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये यहुद्यांना अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला. इस्राएलहून येणारी कुटुंबे अलिबागचे सिनेगॉग, खंडाळ्याचा टप्पा आणि नवगावची दफनभूमी असा फेरा करतात, आणि आपल्या आडनावाचे गाव शोधतात.

दफनभूमीची जपणूक

यहुदी धर्मात कबर उकरणे निषिद्ध मानले जाते. म्हणून नवगावचे उंचवटे उत्खनन करून वाचायचे स्थळ नाही. खोदकामाशिवाय करता येण्यासारखे काम मात्र भरपूर आहे. दिशेनुसार कबरींचा नकाशा काढणे, कोकणातल्या सगळ्या बेने इस्राएल दफनभूमींतील दगडांची छायाचित्रे घेऊन त्यांवरची मराठी आणि हिब्रू नावे उतरवून घेणे, आडनावे आणि गावे यांची सारणी करणे, आणि गावांत उरलेल्या वृद्धांकडून घाण्यांच्या, आळ्यांच्या, विहिरींच्या जागा विचारून ठेवणे. पावसाळी हवेत दगडांवरची अक्षरे झिजतात, लाल जांभ्याचे कठडे ढासळतात, आणि अलिबाग तालुक्यात जमिनीला सोन्याचा भाव आला असताना मोकळ्या जागेवर नजर पडायला वेळ लागत नाही. दफनभूमीची हद्द सातबाऱ्यावर आणि जमिनीवर पक्की राहणे ही पहिली गरज आहे.

ही जबाबदारी उरलेल्या मूठभर घरांची एकट्यांची नाही. नवगावला पुरलेली माणसे ज्या गावांची झाली ती गावे मराठी मुलखातली आहेत, त्यांच्या वंशजांची भाषा मराठी आहे, आणि त्यांचा इतिहास हा कोकणच्या इतिहासाचा भाग आहे. अंबरनाथच्या शिलालेखाचे जतन होते, उल्हासनगरच्या बराकींच्या आठवणी लिहिल्या जातात, तसेच नवगावच्या उंचवट्यांनाही महाराष्ट्राने आपला ऐतिहासिक वारसा मानले पाहिजे.